बाटलीची मान आधी कापा, बॅक्टेरिया नंतर

प्लास्टिक खाणारे बॅक्टेरिया म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, कचऱ्याच्या ढिगावर कसलंतरी पाणी शिंपडलं आणि चार दिवसात ढीग गायब. तसं नसतं हो ते. बॅक्टेरिया एवढुसा, प्लास्टिकचा बारकासा तुकडाही त्याच्यापुढे डोंगराएवढा, तो आत घेणार कसा? तो एक एन्झाइम बाहेर सोडतो, ते एन्झाइम प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतं, आणि मग जे बारके रेणू सुटतात तेवढेच तो आत ओढतो. म्हणजे खरं राबतं ते एन्झाइम. आणि आपण ज्याला इंजिनिअर करणं म्हणतो ते बहुतेक वेळा इतकंच असतं की जो बॅक्टेरिया लॅबमध्ये झटपट वाढतो त्याच्यात त्या एन्झाइमचा जीन घालायचा, आणि जीनमध्ये दोनचार जागी फेरफार करून एन्झाइम जरा दणकट करून घ्यायचं.

ज्यांच्या हाताशी बायोटेकची लॅब आहे, वर बघायला गाइड आहे आणि प्रोजेक्ट म्हणून हे करून बघायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरात बसून करायचा प्रकार नाही. जीन बदललेले बॅक्टेरिया हाताळायचे तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी लागते, ती आधी काढून ठेवा, कारण जीन ऑर्डर करून येईपर्यंत जितका वेळ जात नाही तितका कधीकधी त्या सहीत जातो.

सगळ्यात आधी प्लास्टिक कुठलं ते ठरवा, इथेच अर्धे लोक चुकतात. पिशव्या पॉलिथिनच्या असतात, बाटलीची झाकणं पॉलिप्रोपिलिनची किंवा पॉलिथिनची, आणि या दोन्हींच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो, मधे एन्झाइमला दात लावायला जागाच नाही. पीईटीत, म्हणजे पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये, मात्र दर थोड्या अंतरावर एस्टर बॉंड, म्हणजे ऑक्सिजनवाला जोड असतो आणि एस्टर तोडणारी एन्झाइम्स निसर्गात ढिगाने आहेत, पानांवरचा मेणचट थर फोडणारी क्युटिनेज नावाची मंडळी त्यातलीच. म्हणून सुरुवात पीईटीपासूनच करा. पॉलिथिनच्या पिशवीवर अमुक बॅक्टेरिया वाढवला आणि वजन दोनचार टक्के घटलं असे दावे वाचायला मिळतात, त्यातलं बरंचसं वजन प्लास्टिकमधली ॲडिटिव्ह सुटून गेल्यानंही कमी होऊ शकतं, त्यामुळे माझा तरी अशा आकड्यांवर पटकन विश्वास बसत नाही. पीईटी ओळखायचं म्हणजे बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो तो बघा, शिवाय तुकडा पाण्यात टाकला तर पीईटी बुडतं आणि झाकणाचा तुकडा तरंगतो. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरिनही बुडतात, तेव्हा नुसतं बुडालं म्हणून पीईटी असं समजू नका, आकडा बघाच.

आता मानेची गोष्ट. २०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरातून, पीईटी बाटल्यांच्या रिसायकलिंगच्या आवारातून घेतलेल्या नमुन्यांमधून आयडिओनेला साकायेन्सिस नावाचा बॅक्टेरिया सापडल्याचं जाहीर झालं, गाळ, माती, सांडपाणी असे २५० नमुने तपासले होते तिथल्या संशोधकांनी. ३० अंश सेल्सिअसला त्यानं पीईटीची पातळ फिल्म सहा आठवड्यांत जवळपास संपवली. बातमी जगभर झाली, पण ती फिल्म कसली होती ते फार कुणी सांगितलं नाही. तिची क्रिस्टलिनिटी, म्हणजे साखळ्या शिस्तीत रचलेल्या असण्याचं प्रमाण, होतं १.९ टक्के! म्हणजे साखळ्या अगदी विस्कटलेल्या, मऊ, एन्झाइमला सहज पोचता येईल अशा. बाटली बनवताना पीईटीला दोन्ही दिशांनी ताणून फुगवतात, त्यात साखळ्या शिस्तीत एकमेकींना चिकटून बसतात आणि बाटलीच्या भिंतीची क्रिस्टलिनिटी ३० टक्क्यांच्या आसपास जाते, मग तिथे एन्झाइम तासन्‌तास नुसतं बसून राहतं आणि काही घडत नाही.

पण एक बाटली घ्या आणि झाकणाच्या आट्यांखालचा भाग नीट बघा. मान जाड असते, काचेसारखी स्वच्छ असते, कारण फुगवताना तो भाग साच्यात धरून ठेवलेला असतो, ताणलाच जात नाही. बुडाच्या मधोमध जो टिपका असतो तिथेही तसंच. हे भाग अमॉर्फस, म्हणजे विस्कटलेल्या साखळ्यांचे राहतात. पहिल्यांदा करताना म्हणून मानेचेच तुकडे घ्या, त्याच बाटलीच्या भिंतीचे तुकडेही सोबत वेगळ्या नळीत ठेवा, आणि दोन दिवसांनी फरक बघा, मला तर वाटतं अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग हाच आहे आणि याला खर्च म्हणजे एक करवत. फक्त गरम पेय भरायच्या काही बाटल्यांची मान मुद्दाम पांढरी, दुधाळ केलेली असते, ती क्रिस्टलाइन असते, ती घेऊ नका.

मोजमाप व्यवस्थित हवं असेल तर मात्र २५० मायक्रॉन जाडीची अमॉर्फस पीईटी फिल्म विकत मिळते ती घ्या आणि पंचनं ६ मिलिमीटरच्या चकत्या पाडा, एका चकतीचं वजन साधारण ९ ते १० मिलिग्रॅम भरतं. बाटलीची भिंतच वापरायची असेल तर ती वितळवून, म्हणजे २६० अंशाच्या वर नेऊन, चटकन बर्फाच्या पाण्यात बुडवावी लागते. पारदर्शक राहिली तर जमलं. थंड व्हायला वेळ लागला तर दुधासारखी पांढरी होते, म्हणजे साखळ्यांनी पुन्हा रांग धरली, पुन्हा वितळवा. हे फ्युम हूडमध्ये आणि हीट प्रेसवरच, उघड्यावर ज्योतीवर बाटली धरून नाही. नंतर दळून बारीक पूड केली तर काम अजून वेगानं होतं.

एन्झाइम कुठलं घ्यायचं? आयडिओनेलाचं मूळ पीईटेज (पीईटी तोडणारं एन्झाइम) ऐकायला छान पण नाजूक आहे, ४० अंशाच्या पुढे लवकर मान टाकतं, त्यात दोन डायसल्फाइड बॉंड (गंधकाचे जोड) असतात त्यामुळे साध्या ई. कोलायमध्ये, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या बॅक्टेरियात, नीट घडी बसत नाही आणि बराच माल वाया जातो. २०१८ मध्ये त्यात दोन बदल करून जरा सुधारलेलं रूप आलं, मग २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटानं मशीन लर्निंग वापरून फास्ट-पीईटेज काढलं, ते ५० अंशाला चालतं आणि ५१ वेगवेगळ्या वापरलेल्या डब्या-ट्रे त्यांनी त्यानं आठवड्याच्या आत संपवल्या. पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी एलसीसी-आयसीसीजी सुचवेन. एलसीसी हे मुळात पानं-फांद्यांच्या कंपोस्टमधून मिळालेलं क्युटिनेज, त्यात चार बदल करून २०२० मध्ये फ्रान्समधल्या गटानं हे रूप बनवलं, ७२ अंशाला १० तासांत ९० टक्के पीईटी सुटं केलं होतं त्यांनी. उष्णता सोसतं हा याचा मोठा गुण आहे, आणि पीईटी ७० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागतं, त्यामुळे जोडी जमते.

जीन साधारण ८०० बेसचा होतो, सिग्नल पेप्टाइड (प्रोटीन बाहेर सोडायला सांगणारा तुकडा) काढून टाकलेला, ई. कोलायच्या कोडॉनप्रमाणे, म्हणजे त्याला सोप्या पडणाऱ्या अक्षरांत बदललेला आणि शेवटाला हिस्टिडिन टॅग (प्रोटीन पकडायची शेपटी) लावलेला असा सिंथेसिस करून मागवा. वेक्टर, म्हणजे जीन वाहून नेणारं गोल डीएनए (प्लाझ्मिड), पीईटी-२८ए. हो, वेक्टरचं नावही पीईटी आणि प्लास्टिकचं नावही पीईटी, दोघांचा काडीचाही संबंध नाही, पण वहीत लिहिताना वेक्टर आणि फिल्म असे स्पष्ट शब्द वापरा नाहीतर महिन्यानं स्वतःचीच वही कळत नाही. त्याच वेळी अजून एक जीन मागवा, अगदी तोच, फक्त १६५ नंबरच्या सेरिनच्या जागी ॲलनिन. तो सेरिन म्हणजे एन्झाइमचा दात, तो काढला की एन्झाइम दिसायला तेच पण चावत नाही. हा मेलेला जोडीदार लागणारच आहे, का ते पुढे सांगतो.

वाढवायचं काम सोपं आहे, ज्यानं कुठलंही प्रोटीन बनवलंय त्याला नवीन काही नाही. बीएल२१ डीई३ या ई. कोलायच्या स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड घाला, कॅनामायसिन हे अँटिबायोटिक ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशाला ओडी (द्रव किती गढूळ झाला याचं माप) ०.६ ते ०.८ येईपर्यंत शेकरवर ठेवा, मग तापमान १८-२० वर आणा आणि आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) ०.५ मिलिमोलर टाकून रात्रभर सोडून द्या. तापमान खाली आणायचा कंटाळा करू नका, ३७ लाच ठेवलं तर प्रोटीन भरपूर बनतं पण गोळा होऊन पेलेटमध्ये जाऊन बसतं. सकाळी सेल्स खाली बसवा, बर्फावर सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी सेल्स फोडा.

आता एक जुगाड, जो फक्त उष्णता सोसणाऱ्या एन्झाइमलाच चालतो. लायसेट, म्हणजे फोडलेल्या सेल्सचा रस, ६५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवा. ई. कोलायची स्वतःची बहुतेक प्रोटीन्स शिजून अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात, नळी गढूळ होते, फिरवली की सगळं खाली आणि वर स्वच्छ पाण्यात आपलं एन्झाइम. त्यानंतर निकेल कॉलम, हिस्टिडिन टॅग त्याला चिकटतो, २० मिलिमोलर इमिडाझोलनं धुवा, २५० नं बाहेर काढा. आणि मग इमिडाझोल डायलिसिस करून नक्की घालवा. घाईत ही पायरी गाळणारे बरेच असतात आणि नंतर यूव्हीचे आकडे वेडेवाकडे का येतायत म्हणून डोकं खाजवत बसतात, इमिडाझोल त्याच भागात प्रकाश शोषतं म्हणून. मेलेल्या जोडीदारालाही अगदी याच सगळ्या पायऱ्यांतून न्यायचं, तोच दिवस, तोच बफर (पीएच सांभाळणारं द्रावण).

रिॲक्शन लावताना एक हिशोब डोक्यात पक्का बसवून घ्या. १ ग्रॅम पीईटी पूर्ण तुटलं तर ०.८६ ग्रॅम टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि ०.३२ ग्रॅम इथिलीन ग्लायकॉल मिळतं. बेरीज १ पेक्षा जास्त येते कारण प्रत्येक बॉंड तुटताना पाणी आत जातं. नावातच ॲसिड आहे, म्हणजे जसजसं काम होतं तसतसा पीएच पडत जातो आणि पीएच पडला की एन्झाइम मंदावतं. एक ग्रॅम पीईटीतून सुटलेल्या ॲसिडला उतारा म्हणून ०.४२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. १० मिलिग्रॅमची चकती १ मिली बफरमध्ये टाकली तर पूर्ण तुटल्यावर १०० मिलिमोलरच्या वर ॲसिड गट सुटतात (टेरेफ्थॅलिकच्या एका रेणूत दोन), तुमचा १०० मिलिमोलरचा फॉस्फेट बफर तिथेच हात टेकतो. म्हणून चकतीमागे ५ मिली बफर घ्या, पीएच ८, काचेच्या घट्ट झाकणाच्या व्हायलमध्ये, कारण एवढ्या तापमानाला सैल झाकणातून पाणी उडून जातं. एन्झाइम पीईटीच्या ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे चकतीला ३० मायक्रोग्रॅम. तापमान ६५ ते ६८. ७२ का नाही, तर गरम ठेवलेलं अमॉर्फस पीईटी स्वतःच हळूहळू क्रिस्टलाइन व्हायला लागतं, ही एक शर्यतच आहे, एन्झाइमनं तोडायच्या आत प्लास्टिक कडक झालं तर उरलेलं तसंच राहतं. चकती आधी १ टक्का एसडीएसनं (साबणासारखं रसायन), मग पाण्यानं, मग इथेनॉलनं धुवून वाळवून वजन केलेली हवी. प्रत्येक गोष्टीच्या तीन व्हायल, शिवाय मेलेल्या एन्झाइमच्या तीन, शिवाय नुसत्या बफरच्या तीन.

मेलेलं एन्झाइम का, तर माझ्या पहिल्या खेपेला बाटलीच्या तुकड्यांचं वजन झकास घटलं होतं, मी खूश, गाइडना दाखवायला निघालो, आणि मग मेलेल्या एन्झाइमच्या व्हायलमधले तुकडे वजन केले तर तिथेही जवळपास तेवढीच घट. लेबलचा डिंक होता तो! ६५ अंशाला सुटून गेला होता. तो जोडीदार नसता तर मी तो डिंक प्लास्टिक म्हणून खपवला असता आणि मला स्वतःलाही कळलं नसतं.

मोजायचं कसं. वजन हा एक मार्ग, पण १० मिलिग्रॅमची चकती आणि ०.१ मिलिग्रॅमचा काटा म्हणजे एक टक्क्याच्या आतलं काही दिसणारच नाही, त्यामुळे वजन शेवटी करा आणि मधल्या वेळचे आकडे द्रवातून घ्या. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर सी१८ कॉलम, २४० नॅनोमीटर, टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि अर्धवट तुटलेला एमएचईटी असे दोन वेगळे पीक दिसतात. एचपीएलसी नसेल तर साध्या यूव्ही स्पेक्ट्रोवर २४० ला बघता येतं, सगळे तुकडे एकत्र मोजले जातात पण कल चांगला कळतो. क्वार्ट्‌झचीच क्युवेट घ्या, साधी प्लास्टिकची क्युवेट २४० ला भिंतीसारखी असते, प्रकाश आरपार जातच नाही. पिवळा रंग देणारी पॅरा-नायट्रोफेनिल ब्युटिरेटची टेस्ट ४०५ ला होते, पाच मिनिटांत होते, एन्झाइम जिवंत आहे का ते बघायला उत्तम, पण त्यावरून ते पीईटी तोडतं असं म्हणता येत नाही, ब्युटिरेट तोडणारी एस्टरेज पैशाला पासरी आहेत.

आणि हे नीट वाचा, कारण यात माझा एक अख्खा आठवडा गेला. रिॲक्शन थांबवायला मी नमुन्यात सरळ ॲसिड टाकत होतो, सगळीकडे तसंच करतात म्हणून. पहिल्या दोन तासांचे आकडे चढते, मग सहा तासांनंतर आलेख सपाट, बारा तासांनी तर चक्क खाली. एन्झाइम मेलं असं समजून नवीन बॅच बनवली, तेच. शेवटी एकदा सेंट्रिफ्यूजमधून नळी काढताना उजेडात धरली तर बुडाशी पांढरी पुसट पावडर, सुईच्या टोकाएवढी. टेरेफ्थॅलिक ॲसिड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मीठाच्या रूपात असतं तोवर विरघळतं, पीएच पाडला की खाली बसतं, आणि मी ते फिरवून टाकून वरचं स्वच्छ पाणी मोजत होतो. एन्झाइम जितकं जास्त काम करत होतं तितकं जास्त मी फेकत होतो. आता मी नमुना बर्फावर घेतो, बफरमध्येच भरपूर पातळ करतो आणि १० किलोडाल्टनच्या गाळणीतून फिरवून एन्झाइम वेगळं करतो, ॲसिड नाहीच. ९५ अंशाला दहा मिनिटं उकळायची सवय असेल तर आयसीसीजीच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नका, ते ९० च्या पुढेही तग धरू शकतं.

इथवर आलात की कुणीतरी विचारणारच, मग बॅक्टेरिया कुठे गेला यात, हे तर नुसतं एन्झाइम झालं. रास्त प्रश्न आहे. जिवंत बॅक्टेरियाकडूनच सगळं करून घ्यायचं तर एन्झाइम त्यानं बाहेर सोडलं पाहिजे किंवा अंगावर बाळगलं पाहिजे, आणि अडचण तापमानाची आहे, आयसीसीजीला ६५ अंश हवेत तिथे ई. कोलाय केव्हाच शिजलेला असतो. यावर एक वाट म्हणजे उष्णता आवडणारा बॅक्टेरिया घेणं, क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलममध्ये एलसीसी घालून ६० अंशाला १४ दिवसांत फिल्मचा ६० टक्क्यांहून जास्त भाग तोडलेला आहे. दुसरी वाट म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारा व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्स, २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात त्याच्या पृष्ठभागावर आयडिओनेलाची दोन्ही एन्झाइम्स, पीईटेज आणि एमएचईटी तोडणारं एमएचईटेज, बसवली. पण ते वाचून कुणी समुद्रात काही ओतायचा विचार करू नका, हे सगळं टाकीच्या आत चालतं आणि आतच राहायला हवं.

माझ्या मते बॅक्टेरियाचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे, म्हणजे प्लास्टिक एन्झाइमनं तोडायचं आणि जो माल सुटला त्यातून काहीतरी किमती बनवायचं काम जिवंत सेल्सना द्यायचं. एडिनबरा विद्यापीठात २०२१ मध्ये ई. कोलायकडून टेरेफ्थॅलिक ॲसिडचं व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) करून घेतलं, ७९ टक्क्यांपर्यंत रूपांतर झालं, आणि २०२५ मध्ये तिथल्याच गटानं पीईटीपासून पॅरासिटामॉलपर्यंत मजल मारली. सुडोमोनास पुटिडा हा बॅक्टेरियाही यासाठी लोकप्रिय आहे, फक्त त्याचा केटी२४४० स्ट्रेन इथिलीन ग्लायकॉलवर आपणहून वाढत नाही, जीन्स असतात पण झोपलेले असतात, ते जागे करावे लागतात.

आवराआवर: ज्याला ज्याला बॅक्टेरिया लागलाय ते सगळं, प्लेट, टिप, फ्लास्कमधलं उरलंसुरलं, १२१ अंशाला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह, मोठी बाटली असेल तर जास्त वेळ. नळाखाली काही जाता कामा नये, प्लाझ्मिडवर कॅनामायसिनला दाद न देणारा जीन बसलाय हे विसरू नका.

चकत्यांवर हात बसला की १० ग्रॅम पूड घ्या, अर्धा लिटर बफर, ढवळणारी मोटर, आणि पीएच ८ वर धरून ठेवायला सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबाथेंबानं. किती थेंब गेले ते लिहीत राहा, तोच तुमचा मीटर आहे, एकूण ४.२ ग्रॅम हायड्रॉक्साइड संपलं म्हणजे पीईटी पूर्ण तुटलं. द्रव गाळा, न तुटलेलं प्लास्टिक वर राहील ते धुवून वाळवून वजन करा. मग गाळलेल्या स्वच्छ द्रवात ढवळत ढवळत हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला, पीएच ३ च्या खाली. ज्या पांढऱ्या पावडरीनं माझा आठवडा खाल्ला ती आता बीकरभर खाली बसेल. गाळा, थंड पाण्यानं धुवा, वाळवा. ८.६ ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर नीट वाळलेलं नाही किंवा बफरचं मीठ अडकलंय, अजून एकदा धुवा.